मदत हवी आहे: प्रिंट करणाऱ्या फंक्शनची टेस्ट कशी लिहायची? (पायथन)

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत मामांचं फरसाणाचं दुकान आहे. तिथे बिल काढायला पूर्वी कुणीतरी लिहून दिलेला पायथनचा प्रोग्रॅम आहे, तो आता माझ्याकडे आलाय. चालतो व्यवस्थित. पण दर बदलले की हिशोब बिघडला तर नाही ना, हे दर वेळी डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणून पायटेस्टने (pytest, पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) टेस्ट, म्हणजे हिशोब आपोआप तपासणारा कोड, लिहायला घेतल्या.

किंमत काढणारं फंक्शन आकडा थेट प्रिंट करतं, रिटर्न काहीच करत नाही, म्हणजे उत्तर पुढे वापरायला परत देत नाही. लौंग सेव 280 रुपये किलो, घेतली 350 ग्रॅम, म्हणजे 98. स्क्रीनवर 98.0 उमटतं, टेस्ट मात्र नापास. कारण फंक्शनकडून हातात पडतं ते 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही'). नापास टेस्टच्या खाली पायटेस्ट पकडलेलं आउटपुट दाखवतो, त्यातही 98.0 असतंच! दोन जिनसांची बेरीज करायला जावं तर टाइपएरर (TypeError), कारण नन आणि नन यांची बेरीज होत नाही.

पायटेस्टमधलं 'कॅपसिस' (capsys) वापरून छापलेला मजकूर पकडता येतो, पण मग तुलना करायची 'एकूण: ₹98.0' या अख्ख्या ओळीशी, शेवटच्या न्यूलाइनसकट (ओळ संपल्याची खूण). उद्या मामा म्हणाले, ₹ नको, रु. लिही, तर हिशोब बरोबर असूनही टेस्ट नापास. हे मला पटत नाही. त्यामुळे हिशोब रिटर्न करायचा आणि प्रिंट शेवटी एकाच जागी, एवढं नक्की केलंय.

अडलंय ते पुढे. वजन शून्य किंवा उणे टाकलं गेलं तर जुनं फंक्शन 'वजन चुकलं' असं छापून पुढच्या जिनसाकडे जातं. आता छापायचं नाही, तर परत काय द्यायचं? नन दिलं तर जिथे जिथे फंक्शन वापरलंय तिथे तपासत बसा. शून्य दिलं तर चूक गुपचूप बिलात मिसळणार आणि माल फुकट जाणार. माझा कल व्हॅल्यूएरर (ValueError, चुकीच्या किमतीसाठीचा एरर) रेझ करण्याकडे, म्हणजे मुद्दाम उठवण्याकडे आहे, टेस्टमध्ये तो पायटेस्टच्या 'रेझेस'ने (pytest.raises) तपासताही येतो. पण संध्याकाळच्या गर्दीत एका जिनसापायी अख्खं बिल अडायला नको. मग तो एरर पकडायचा कुठे, एकेक जिन्नस घेणाऱ्या लूपमध्ये की अगदी बाहेर?

शिवाय बिलाचा मजकूर तयार करणाऱ्या फंक्शनने एक सलग स्ट्रिंग (अख्खा मजकूर) द्यावी की ओळींची लिस्ट? लिस्ट असेल तर हवी ती एकच ओळ तपासता येईल, असं वाटतंय.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर पायथन 3.8 आहे आणि सध्या तेच ठेवायचंय.