मदत हवी आहे : लाइट झपकन जाऊन आली की अर्ध्या मिनिटानं कर्नल पॅनिक, टायमर कुठं चुकतोय?

नमस्कार मंडळी,

बेळगावात उद्यमबागेत एका छोट्या कंपनीत काम करतो. फाउंड्रीतल्या भट्टीचं तापमान, कॉम्प्रेसरचा दाब असल्या गोष्टी गोळा करणारा गेटवे आम्ही बनवतो. चार कोरचा एआरएम बोर्ड, त्यावर बोर्डासोबतच आलेला लिनक्स ५.१०. नोडांची (मोजमापं पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांची) यादी ठेवणारं आणि त्यांची पॅकेट उचलणारं कर्नल मोड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणारा कोड) मी लिहिलंय.

दुखणं असं. लाइट तासभर गेली तर काही होत नाही. गेटवे बॅटरीवर चालू राहतो, नोड बंद पडतात, यादी रिकामी होते, लाइट आली की सगळे परत येतात. पण नुसती झपकन जाऊन आली, की दहा-बारा वेळांत एकदा तरी पॅनिक, म्हणजे कर्नलच कोसळतो. तेही लगेच नाही. नोड परत बोलायला लागल्यावर साधारण अर्ध्या मिनिटानं! स्टॅकमध्ये (कोसळताना कोणती फंक्शन चालू होती त्या यादीत) माझं एकही फंक्शन दिसत नाही, फक्त कर्नलचं टायमर चालवणारं रन_टायमर_सॉफ्टआयआरक्यू.

मोड्यूलचं काम थोडक्यात: नोड हॅश टेबलमध्ये आहेत. वाचणारे आरसीयूनं वाचतात (लॉक न घेता; त्यांचं वाचून होईतो मेमरी मोकळी होत नाही), लिहिणारे स्पिनलॉक घेतात (एका वेळी एकच; बाकीचे कोर तिथंच थांबतात). प्रत्येक नोडला ३० सेकंदांचा टायमर. पॅकेट आलं की रिसीव्ह पाथ (पॅकेट घेणारा कोड) नोड शोधतो, रेफकाउंट_इंक करतो (नोड वापरणाऱ्यांचा काउंट, म्हणजे रेफरन्स, एकनं वाढवतो) आणि मॉड_टायमरनं वेळ पुढं ढकलतो. ३० सेकंद काहीच आलं नाही तर टायमरचं फंक्शन नोड टेबलमधून काढतं आणि शेवटचा रेफरन्स सुटला की केफ्री_आरसीयू (वाचणारे संपल्यावर मेमरी मोकळी).

आता नोडला बूट होऊन पहिलं पॅकेट पाठवायला २८ ते ३२ सेकंद लागतात. म्हणजे ज्या क्षणी एका कोरवर टायमर नोड काढतोय, त्याच क्षणी दुसऱ्या कोरवर त्याच नोडचं पॅकेट येतंय. माझा संशय असा, की रिसीव्ह पाथला नोड टेबलमधून निघायच्या आधीच सापडलेला असतो आणि मॉड_टायमर त्यानंतर होतो. मेमरी मोकळी होते, पण टायमर लागलेलाच राहतो आणि ३० सेकंदांनी मोकळ्या मेमरीवर चालतो.

दोन उपाय करून पाहिले. टायमरच्या फंक्शनमध्येच डेल_टायमर_सिंक घातलं, तर तो कोर तिथंच अडकला. डेल_टायमर_सिंक टायमरचं फंक्शन संपायची वाट बघतं आणि वाट बघणारं तेच फंक्शन. मग प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणं) टाकून क्रम बघायला गेलो, तर पॅनिकच यायचा बंद झाला. प्रिंटके काढला, परत सुरू.

भट्टीवरचे फोरमन मामा आमच्या स्क्रीनवरचा आकडा बघून मेटल ओतायचं की थांबायचं ते ठरवतात. गेटवे रीबूट होईतो त्यांच्यापुढं जुनाच आकडा असतो. म्हणून तात्पुरता जुगाड नको, मुळातून दुरुस्ती हवी आहे. टायमर परत लागणारच नाही याची खात्री कशी करायची?

प्रतिसाद (निपाणीहून)

भावा, संशय बरोबर आहे. केफ्री_आरसीयू वाचणाऱ्याला सांभाळतं, पण वाचणाऱ्यानं मागं लावून ठेवलेल्या टायमरला नाही. नोडमध्ये स्वतःचं लॉक आणि 'मेला' असा फ्लॅग ठेव. रिसीव्ह पाथ लॉक घेईल आणि फ्लॅग नसेल तरच मॉड_टायमर करेल. टायमरचं फंक्शन तेच लॉक घेऊन आधी शेवटचं पॅकेट कधी आलं ते परत तपासेल. मधल्या काळात आलेलं असलं तर नोड काढायचाच नाही, नसलं तर फ्लॅग लावून मगच काढायचा.

युजरच्या हुकुमानं नोड काढायचा मार्ग असेल तर तिथं स्पिन_लॉक_बीएच घे (लॉक असेतो त्या कोरवर सॉफ्टआयआरक्यू, म्हणजे टायमर-पॅकेटचं काम, थांबवून ठेवतं), नाहीतर त्याच कोरवर सॉफ्टआयआरक्यू येऊन त्याच लॉकवर अडकेल. डेल_टायमर_सिंक मात्र लॉक सोडल्यावर.

प्रतिसाद

रेफकाउंट_इंक बदला, रेफकाउंट_इंक_नॉट_झिरो करा (काउंट शून्य असेल तर ते वाढवतच नाही). आरसीयूखाली सापडलेल्या नोडचा काउंट आधीच शून्यावर गेलेला असू शकतो. आणि कर्नलच्या सॉकेटच्या (नेटवर्क जोडणीच्या) कोडमधलं एसके_रीसेट_टायमर जरूर वाचा: मॉड_टायमरनं शून्य परत दिलं, म्हणजे टायमर आधी लागलेला नव्हता, तर त्याच्या नावानं एक रेफरन्स घेतात. लिनक्स ६.२ मध्ये टायमर_शटडाउन आलं, त्यानंतर टायमर परत लागतच नाही. तुमच्या ५.१० वर फ्लॅगच ठेवा.

धागाकर्ता

दादा, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री क्यूएमूमध्ये (पीसीवरच आभासी बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चार कोर दिले, मेमरीच्या चुका पकडणारं कासान चालू केलं (मेमरीचा आठवा हिस्सा त्यालाच जातो, बोर्डावर परवडलं नसतं) आणि नोड सापडणं व मॉड_टायमर यांच्यामध्ये मुद्दाम एमडिले (ठरावीक वेळ थांबवणं) टाकून फट रुंद केली. जुना कोड चार मिनिटांत पडला, कासाननं यूज-आफ्टर-फ्री (मोकळी झालेली मेमरी वापरणं) दाखवलं, तेही माझ्याच नोडच्या मेमरीवर. फ्लॅग, लॉक आणि नॉट_झिरो घातल्यावर तोच एमडिले ठेवून रात्रभर चालवलं, सकाळपर्यंत एकही रिपोर्ट नाही.

युजरच्या हुकुमानं नोड काढायचा मार्ग माझ्याकडं आहेच आणि तिथं साधं स्पिन_लॉक होतं. तेही बदललं. आज एमडिले काढून बोर्डावर टाकतोय, उद्या फाउंड्रीत मेन स्विच स्वतः खालीवर करून बघणार.