डर्बीला तीनच वर्षांचा घोडा का?

खारावारा, रेवदंडा
इंग्लंडच्या एप्सम डर्बी या घोड्यांच्या शर्यतीबद्दल वाचत होतो. पहिली डर्बी 1780 ची, अंतर एक मैल, जिंकला डायोमेड नावाचा घोडा. 1784 पासून दीड मैल झाले, पण घोडा तीन वर्षांचाच हवा, ही अट पहिल्यापासून. माझं स्पष्ट मत: ही परंपरा नव्हे, मालकांची घाई. घोड्याची हाडं पूर्ण भरायला पाच-सहा वर्षं लागतात. आमचे आजोबा टांगेवाले, चार वर्षांच्या आत शिंगराला साज लावू देत नसत.

चौसा, अलिबाग
दादा, टांगा वर्षानुवर्षं ओढायचा, डर्बी एकदाच धावायची. आधी तिथे मोठ्या घोड्यांना चार-चार मैलांच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा पळवत. सेंट लेजर (1776), ओक्स (1779) आणि डर्बी या शर्यती आल्यावर लहान वय आणि कमी अंतर रूढ झालं. म्हणजे जनावराचे हाल उलट कमीच झाले की! शिवाय सगळे एका वयाचे, म्हणून रक्ताची पारख होते. डर्बी जिंकलेला पुढे पैदाशीला. खच्ची घोड्याला तिथे उभंच करत नाहीत ते त्याचसाठी. घाटावर बैलांचा ‘आदत’ (दुधाचे दात न पडलेल्या कोवळ्या बैलांचा) गट वेगळा पळवतात, तेव्हा कोणी ओरडत नाही.

खारावारा, रेवदंडा
आदत बैलाच्या पाठीवर कोणी बसत नाही, एवढं लक्षात घ्या.

नागावची काकू
पारखेचं म्हणताय, तर डायोमेडचंच बघा. डर्बी जिंकला, पण पैदाशीत इंग्लंडमध्ये त्याला कोणी विचारेना. 1798 मध्ये, एकविसाव्या वर्षी, म्हातारा म्हणून 50 गिनींना (तिथलं जुनं सोन्याचं नाणं) अमेरिकेला विकला. आणि तिथल्या शर्यतीच्या घोड्यांचा तोच मूळपुरुष ठरला! तिसऱ्या वर्षी केलेली पारख बरोबर होती, पण विकणाऱ्यांना धीर नव्हता. म्हणजे घाई झाली ती तिथे. (खारावारा, अर्धे गुण तुम्हाला.)

चौसा, अलिबाग
काकू, बाकीचे अर्धे मला ना? आपल्या मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी फेब्रुवारीत, 2400 मीटर. 1 जानेवारीला सगळ्या घोड्यांचं वय एकदम एक वर्षाने वाढलं असं धरतात, म्हणून तिथे चार वर्षांचे धावतात.

खारावारा, रेवदंडा
ते कागदावरचं वय. काल ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे गाडी ओढणारी घोडी बघितली, पुढचा गुडघा सुजलेला, खाऱ्या पाण्यात पाय अलगद टाकत होती. तिचं वय मालकालाही सांगता आलं नाही.

नागावची काकू
त्या मालकाला आधी डॉक्टरकडे पाठवा. घोडीला घेऊन!