फाउंड्रीचा कार्बन आराखडा: ३० टक्के कपात कुठून काढायची?

शिरोली_मेल्टिंग
गाड्यांचे भाग घेणाऱ्या ग्राहकाने २०३० पर्यंत स्कोप १ (स्वतः जाळलेलं इंधन) आणि २ (विकत घेतलेली वीज) मिळून कार्बनमध्ये ३० टक्के कपातीचा आराखडा मागितलाय. महिन्याचे आकडे: विक्रीयोग्य कास्टिंग ४०० टन, यील्ड (वितळवलेल्या धातूपैकी विकला जाणारा भाग) ५६ टक्के, एकूण वीज ५.६ लाख युनिट, त्यात इंडक्शन फर्नेसची (विजेच्या भट्टीची) ४.५७ लाख. जनरेटरला डिझेल १५०० लिटर, लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) तापवायला एलपीजी २००० किलो. मालकांचं म्हणणं, छतावर ३०० किलोवॅट सोलर टाकू आणि मोकळे होऊ. भागेल?

युनिट_मोजणारा
नाही भागणार. डिझेल लिटरला २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरून महिन्याला ४ टन, एलपीजी किलोला ३ धरून ६ टन, वीज युनिटला ०.७२ धरून ४०३ टन. (ग्रिडचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ताज्या आवृत्तीतून घ्या, आवृत्ती आराखड्यात लिहा.) एकूण ४१३, म्हणजे काढायचेत १२४ टन. सोलर महिन्याला सरासरी ३५,००० युनिट देईल: २५ टन. तेही फाउंड्रीच्या धुळीत पॅनेल वेळेवर धुतले तर.

तुमचं खरं दुखणं यील्ड आहे. ४०० टन माल विकायला ७१४ टन धातू वितळवताय, टनाला ६४० युनिट. यील्ड ६१ वर नेलंत तर ६५६ टनांत भागतं. ५८ टन धातू वितळवायचाच नाही, म्हणजे ३७,००० युनिट, २७ टन कार्बन. यील्ड पॅटर्नप्रमाणे (साच्याच्या प्रत्येक नमुन्याचं वेगळं) काढा, सरासरीत काही दिसत नाही. सगळ्यात जास्त टनेजचे दहा पॅटर्न आधी घ्या.

सँडप्लांट
थोडं थांबा. यील्ड वाढवायचं म्हणून रायझर (कास्टिंग गोठताना त्याला धातू पुरवणारा जादा साठा) कापत सुटलात तर श्रिंकेज (धातू आकसून पडणाऱ्या पोकळ्या) येतं, आणि रिजेक्ट झालेला प्रत्येक टन पुन्हा वितळतो. मेथडिंगमध्ये (धातू साच्यात कसा भरायचा त्याच्या आखणीत) आधी सिम्युलेशन, मग एक्झोथर्मिक स्लीव्ह (स्वतः तापून रायझर गरम ठेवणारं वेष्टण) लावून रायझर लहान, मग रनर (धातू साच्यात नेणारी वाट). आणि 'विक्रीयोग्य' आकड्यातून ग्राहकाकडून परत आलेला मालही वजा करा. बहुतेक ठिकाणी तो वजा होत नाही, म्हणून कागदावर यील्ड छान दिसतं.

फर्नेस_पॅनल
टनाला ६४० युनिट जास्तच आहेत, ५९० पर्यंत येता येतं. फर्नेसच्या पॅनेलवर वेगळा मीटर नसेल तर तो पहिला बसवा आणि प्रत्येक हीटला (एका वेळच्या वितळणीला) चार गोष्टी लिहा: चार्जचं (भट्टीत टाकलेल्या मालाचं) वजन, युनिट, टॅपिंगचं (धातू भट्टीतून काढतानाचं) तापमान, होल्डिंगची (तयार धातू भट्टीत गरम ठेवण्याची) मिनिटं. आठवड्याभरात चोर सापडतो.

बहुतेक वेळा तो होल्डिंगच असतो. धातू तयार, पण मोल्ड लागलेले नाहीत किंवा स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट आलेला नाही. फर्नेसच्या ६० सेंटिमीटर तोंडाचं झाकण उघडं असेल तर १५०० अंशांना नुसत्या उष्णतेच्या प्रारणाने ४०-५० किलोवॅट वर जातात. झाकण असतं सगळीकडे, पण चार्जिंगला अडतं म्हणून कोपऱ्यात पडलेलं असतं. स्विंग किंवा हायड्रॉलिक करून घ्या, तरच वापरलं जाईल.

टॅपिंग ५० अंशांनी उतरवलं तर टनाला १५-१८ युनिट वाचतात. पण आधी लॅडल लालभडक तापवा आणि झाका, नाहीतर शेवटचे मोल्ड कोल्ड शट होतील (थंडावलेला धातू नीट जुळणार नाही). रनर-रायझर शॉट ब्लास्ट करूनच चार्जमध्ये टाका. चिकटलेली वाळू वितळवायलाही वीज लागते, वर स्लॅग (मळी) वाढून लायनिंग (भट्टीचं अस्तर) खाते.

युनिट_मोजणारा
६४० वरून ५९० म्हणजे टनाला ५० युनिट गुणिले ६५६ टन, म्हणजे ३३,००० युनिट, २४ टन.

कॉम्प्रेसरही बघा. रविवारी सगळी मशीन बंद ठेवून कॉम्प्रेसर चालवा आणि लोड-अनलोडचे (हवा दाबतानाचे आणि रिकामं फिरतानाचे) सेकंद मोजा. ९० सेकंद लोड, २१० अनलोड असेल तर ३० टक्के हवा गळतेय. १० टक्क्यांवर आणली की साधारण ४ टन. बेरीज ८०. उरले ४४ टन, म्हणजे ६१,००० युनिट बाहेरून हरित वीज.

शिरोली_मेल्टिंग
बाहेरून म्हणजे ओपन अॅक्सेसच (ग्रिडवरून दुसऱ्या उत्पादकाची वीज थेट घेणं) ना? आणि पिग (कच्चं लोखंड) कमी करून स्क्रॅप वाढवलं तर यात धरता येईल?

सँडप्लांट
पिगचा कार्बन स्कोप ३ मध्ये (विकत घेतलेल्या मालाच्या कार्बनमध्ये) जातो, या ३० टक्क्यांत नाही. तरी वेगळा दाखवा, आकडा मोठा असतो. फक्त सीआरसी (पोलादी पत्र्याचं स्क्रॅप) वाढवून स्वस्त कार्बुरायझर (धातूतला कार्बन वाढवणारा पदार्थ) टाकलात तर नायट्रोजन चढतो आणि मशिनिंगनंतर पिनहोल (बारीक छिद्रं) दिसतात. कमी नायट्रोजनचा ग्राफाइट ग्रेड घ्या.

टॅरिफवाला
२०२२ च्या नियमांनुसार १०० किलोवॅट मंजूर भारापासून हरित ओपन अॅक्सेस मिळतो. ग्रुप कॅप्टिव्ह (काही ग्राहकांनी मिळून वीज प्रकल्पात भागीदारी) केलंत तर २६ टक्के भागभांडवल आणि ५१ टक्के वापर, दोन्ही अटी दरवर्षी पाळाव्या लागतात. वापराची अट चुकली तर क्रॉस सबसिडी सरचार्ज (इतर ग्राहकांच्या सवलतीसाठीचा अधिभार) मागाहून लागतो. करारात एक ओळ घालूनच घ्या: विजेचे हरित प्रमाणपत्र तुमच्याच नावे, उत्पादक ते दुसरीकडे विकणार नाही. ती ओळ नसेल तर ग्राहकाचा ऑडिटर ते ४४ टन सरळ खोडतो.