बाळंतशेप विसरू नका

शेपूच्या पालेभाजीने पोट शांत राहतं, हे शेपूवरच्या या चर्चेत बऱ्याच जणांनी लिहिलंय आणि ते मला पटतं. पण तिच्या बियांबद्दल, म्हणजे बाळंतशेपेबद्दल, कुणीच लिहिलं नाही. खरं औषध तिथे आहे.

आयुर्वेदात हिला शतपुष्पा म्हणतात. चवीला कडू-तिखट, गुणाने उष्ण, वात आणि कफ कमी करणारी, भूक वाढवणारी. काश्यपसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, शतपुष्पा आणि शतावरी यांच्यावर स्वतंत्र अध्याय आहे, इतकं स्त्रियांच्या आरोग्यात हिला महत्त्व. आपल्याकडे बाळंतिणीला जेवणानंतर सुपारी देतात ती हीच: भाजलेली बाळंतशेप, ओवा, तीळ, सुकं खोबरं, किंचित सैंधव. मंद आचेवरच भाजा, करपली की कडवट होते. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ साली ग्राइप वॉटर बनवलं, त्यातही शेपूचं तेल होतं.

मात्र गरोदरपणी बिया औषधाच्या मात्रेत घेऊ नयेत. आणि कृपा करून तान्ह्या बाळाला बाळंतशेपेचं पाणी पाजू नका, पहिले ६ महिने फक्त आईचं दूध. भाजी मात्र मूगडाळ, भरपूर लसूण घालून घरातल्या सगळ्यांनी खावी.