नवी पेट्रोल गाडी, घाट चढल्यावर सडक्या अंड्यांचा वास: कॅटकॉन बदलायचा का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, बीएस६, मॅन्युअल, टर्बो नाही. जेमतेम चार हजार किलोमीटर चालली आहे, पहिली फ्री सर्व्हिस झाली आहे. कन्नड घाट चढून वर आलं आणि गाडी हळू झाली की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. आधी हे फक्त घाटात व्हायचं. ऊन तापल्यापासून गावातही, फाटकापाशी इंजिन सुरू ठेवून उभं राहिलं की येतो. काचा बंद आणि एसी चालू असला तरी आत जाणवतो, डिकीकडून जास्त.

चेक इंजिनचा दिवा नाही. पिकअप ठीक, ॲव्हरेज थोडं उतरलं आहे. रिव्हर्स कॅमेरा बाहेरून बसवला आहे, अंडरबॉडी कोटिंग डिलिव्हरीच्या वेळी करून घेतलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात नवीन गाडीत येतो, जाईल. गावातला मेकॅनिक म्हणतो कॅटकॉन (सायलेन्सरच्या पाइपातला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेला. इतक्या लवकर कॅटकॉन जातो का? वॉरंटीत नेमकं काय तपासून घ्यायचं?

पाना_१२_१३ (जळगाव)

भाऊ, कॅटकॉनला हात लावू देऊ नका. वास तिथून बाहेर पडतो हे खरं, पण कारण बहुतेक वेळा त्याच्या आधी, इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात असतं.

पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतंच. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ इंधनात त्याची मर्यादा १० पीपीएम आहे, बीएस४ मध्ये ५० होती. ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो. कॅटकॉनच्या आतल्या थरात सेरियम ऑक्साइड असतं, ते ऑक्सिजन साठवतं आणि त्यासोबत गंधकही धरून ठेवतं. गावातल्या हळू चालवण्यात हा साठा वाढत जातो. मग घाटात दुसऱ्या गिअरवर पाय दाबला, कॅटकॉन तापला आणि इंजिनाने पेट्रोल जास्त सोडलं, की साठलेलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. नाकाला तो अगदी किंचित असला तरी कळतो.

म्हणून घाटमाथ्यावर मिनिटभर वास आला आणि गेला, तर नव्या गाडीत ते चालण्यासारखं आहे. नव्या कॅटकॉनमध्ये हे जास्त होतं, काही हजार किलोमीटरनंतर कमी होत जातं. इथवर सर्व्हिस सेंटरवाले बरोबर आहेत. पण तुमचा वास वाढतोय, उभ्या गाडीत येतोय आणि ॲव्हरेजही उतरलंय. हे तिन्ही एकत्र आले की मिश्रण सतत रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चाललंय, असं धरून तपासायला हवं. "जाईल" म्हणून सोडून देऊ नका. रिच मिश्रण महिनोन्‌महिने चाललं तर आत्ता चांगला असलेला कॅटकॉन खरोखरच जाईल. न जळलेलं पेट्रोल त्याच्या आत जळतं आणि जाळी वितळते.

पहिलं काम, फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर (इसीयू) पेट्रोल किती टक्के वाढवतोय-कापतोय तो आकडा. स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट (इंजिनाचे आकडे वाचायचा सॉकेट) असतो, साधा ब्लूटूथ स्कॅनर चालतो. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. लाँग टर्म ट्रिम दोनदा नोंदवा: एकदा आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता), एकदा २,५०० आरपीएम धरून. शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे १० टक्के चालेल. उणे आकडा म्हणजे इसीयू पेट्रोल कापतोय, म्हणजे कुठून तरी जास्तीचं येतंय. दिवा लागलेला नाही यावर जाऊ नका. रिचचा कोड पी०१७२ यायला ट्रिम बरंच खाली जावं लागतं, त्याआधी नाकाला कळतं.

कॅटकॉनच्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट बघून मात्र निष्कर्ष काढू नका. जुन्या नॅरोबँड सेन्सरमध्ये ते ०.१ ते ०.९ असे वरखाली होतात, नव्या बऱ्याच गाड्यांत पुढे वाइडबँड असतो आणि त्याचं गणित वेगळं. मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास शांत बसलेला दिसला तर कॅटकॉन काम करतोय.

आणि एक सांगा: टाकी कशी भरता? नोझल कट झाल्यावर थांबता की "राउंड करू का" ला हो म्हणता?

बॅटरीवाला (भुसावळ)

एक गोष्ट राहिली. सडक्या अंड्यांचा वास बॅटरीतूनही येतो आणि उन्हाळ्यात आपल्याकडे हे नेहमीचं आहे. बाहेर ४४-४५ अंश, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. अशात चार्जिंग जादा झालं किंवा एखादा सेल शॉर्ट झाला की ॲसिड उकळतं आणि तोच वायू सुटतो.

ओळखायची रीत सोपी आहे. वास आला की गाडी बाजूला घ्या, बोनेट उघडा. बोनेटपाशी जास्त असेल तर बॅटरी, सायलेन्सरच्या तोंडाशी जास्त असेल तर एक्झॉस्ट. मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही टर्मिनलवर लावा. इंजिन सुरू असताना १३.५ ते १४.७ ठीक. काही नव्या गाड्यांत इसीयू चार्जिंग मुद्दाम कमी करतो, तेव्हा १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. १५ च्या वर टिकून राहिलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर. व्होल्टेज बरोबर असूनही बॅटरीची एक बाजू हाताला जास्त गरम लागत असेल, डबा फुगलेला असेल, तर आतला सेल गेला. ती चालवत राहू नका. त्या वायूसोबत हायड्रोजनही असतो, ठिणगी पडली तर बॅटरी फुटते. बिडी-सिगारेट लांब ठेवूनच वाका.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांसाठी अजून एक: ९० टक्के गंधकाच्या खताची गोणी डिकीत नेली असेल तर आधी मॅट काढून झाडा. सांडलेले दाणे स्पेअर व्हीलच्या खळग्यात जातात आणि उन्हाने डिकीत वास कोंडतो.

सातपुडा_डिझेल (शिरपूर)

हा धागा डिझेलवालेही वाचतील म्हणून लिहितो, कारण नव्या डिझेल गाडीच्या वासाची कारणं वेगळी आहेत.

करपट, गरम लोखंडासारखा वास, पंखा जोरात चालतोय, आयडल थोडं वर: हे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारं फिल्टर) साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतंय. त्या वेळी आत ६०० अंशांच्या आसपास तापमान असतं. अशा वेळी गाडी बंद करू नका आणि वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ तर अजिबात उभी करू नका. हायवेवर ६० च्या वर वेग ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालवा. धुळे-शिरपूर रस्त्यावर हे आरामात होतं. रोज फक्त घर ते दुकान फिरणाऱ्या गाडीत ही सफाई अर्धवट राहते, सफाईसाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला तर ऑइल तेव्हाच बदला.

लघवीसारखा, नाकात झोंबणारा वास म्हणजे अमोनिया. डीईएफ (धूर साफ करायला एक्झॉस्टमध्ये फवारलं जाणारं द्रव) वापरणाऱ्या गाडीतच येतो. ते ३२.५ टक्के युरियाचं पाणी असतं. भरताना सांडलं असेल तर भरपूर पाण्याने धुवा, वाळलं की पांढरे खडे होतात. धुऊनही वास राहिला तर डोझिंग तपासून घ्या.

सीएनजीवाल्यांनी मात्र गॅसचा वास आणि धुराचा वास यात गल्लत करू नये. गॅसला मुद्दाम उग्र वास लावलेला असतो. इंजिन बंद असताना तो आला तर गळती आहे. दारं उघडा, सिलेंडरचा कॉक बंद करा, कुठलंही बटण दाबत बसू नका आणि गाडी सावलीत, उघड्यावर ठेवून मेकॅनिकला बोलवा.

बॉडीशॉप_धुळे

आत वास का येतो हे मी सांगतो, कारण मूळ बिघाड सापडेपर्यंत ती वाट बंद करणं जास्त महत्त्वाचं आहे. सायलेन्सरचा धूर आत येतोय म्हणजे त्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतोय, आणि त्याला वासच नसतो. डोकं जड होणं, मळमळ, पेंग येणं अशी लक्षणं दिसली तर काचा खाली करून उतरा. आणि उन्हाळ्यात गाडी उभी करून, एसी लावून झोपायची सवय असेल तर ती मोडा.

आधी एसी रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवण्यावर) टाका. वास गेला तर तो बाहेरून, कदाचित पुढच्या ट्रकचा. राहिला तर तुमच्याच गाडीचा, मागून आत येतोय.

तुमच्याकडे बाहेरून लावलेला रिव्हर्स कॅमेरा हा पहिला संशयित. वायर आत घ्यायला डिकीतला रबर ग्रोमेट (वायरीच्या भोकाचं रबरी बूच) काढतात आणि परत नीट बसवत नाहीत, किंवा नवं भोक पाडून तसंच सोडतात. डिकीची मॅट उचला, दिव्यांच्या मागचं ट्रिम काढा आणि दिवसा बाहेरून कोणाला तरी टॉर्च मारायला लावा. उजेड आत आला की जागा सापडली. ग्रोमेट बदला, वायरभोवती सीलंट भरा.

मग डिकीचं रबर. दहाची नोट दरवाजात अर्धी ठेवून डिकी बंद करा आणि ओढा. सगळीकडे सारखी घट्ट लागली पाहिजे, जिथे सहज निघते तिथे रबर बसलेलं नाही. मागच्या बंपरच्या आत, कोपऱ्यात, हवा बाहेर जाण्याचे रबरी पडदे असतात. ते फक्त बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजेत. कोटिंग मारताना ते चिकटून अर्धवट उघडे राहिलेले बरेचदा सापडतात.

कोटिंगचा अजून एक त्रास: ते सायलेन्सर पाइपवर उडालं असेल तर डांबर जळल्यासारखा वास येतो. तो अंड्यांच्या वासाहून वेगळा, आठ-पंधरा दिवसांत जातो. पाइपला रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी चिकटली असेल तर जात नाही. गाडी पूर्ण थंड असताना लाकडी पट्टीने खरवडा.

सायलेन्सरची गळती सकाळी थंड इंजिनवर बघा. गाडी सुरू करा, जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा, दुसऱ्याने खाली कान द्यावा. जोडापाशी फुसफुस ऐकू आली किंवा तिथे काळे ओघळ दिसले तर पॅकिंग गेलं आहे किंवा बोल्ट ढिले आहेत. गरम गाडीवर हे करू नका, हात भाजतो.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. तपासून आकडे देतो. बॅटरी १४.२, बोनेटपाशी वास नाही, सायलेन्सरच्या तोंडाशीच आहे. लाँग टर्म ट्रिम आयडलला उणे १४, २,५०० ला उणे ३. कॅमेऱ्याच्या वायरीपाशी खरंच ग्रोमेट नव्हतं, बसवून घेतलं, आतला वास बराच कमी झाला. आणि हो, टाकी नेहमी राउंड फिगर करून, कट झाल्यावरही दोन-तीनदा दाबून भरतो.

पाना_१२_१३

आकडे बोलके आहेत. फक्त आयडलला रिच आणि आरपीएम वाढवला की जवळपास ठीक, म्हणजे एक ठरावीक, थोडी जास्तीची वाफ सतत आत येतेय. आयडलला हवा कमी आणि इनटेकमधली ओढ जास्त, म्हणून तिथे तिचा परिणाम मोठा. आरपीएम वाढल्यावर हवाच इतकी येते की ती वाफ कळत नाही. पेट्रोलचं प्रेशर जास्त असतं किंवा हवा मोजणारा सेन्सर चुकत असता तर दोन्हीकडे आकडा उणे आला असता.

अशी वाफ दोन ठिकाणांहून येते. एक, कॅनिस्टर. टाकीतली वाफ कोळशाच्या या डब्यात साठते आणि पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात जाते. कट झाल्यावर नोझल दाबत राहिलं की वाफेऐवजी पेट्रोलच त्या डब्यात शिरतं. कोळसा भिजला की मे महिन्याच्या उन्हात तो दिवसभर वाफ सोडतो. दुसरं, गळणारा इंजेक्टर. तो असेल तर गरम गाडी अर्धा तास उभी ठेवून सुरू करताना स्टार्टर जास्त वेळ फिरवावा लागतो आणि पहिल्या झटक्याला पेट्रोलचा वास येतो. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून माझा भर कॅनिस्टरवर.

खात्री अशी करतात: गरम इंजिन, आयडल, स्कॅनर लावलेला. पर्ज व्हॉल्व्हकडून इनटेकला जाणारी नळी नरम जबड्याच्या क्लॅम्पने दाबायची आणि शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाचा आकडा) बघायचं. लगेच वर सरकलं तर वाफ तिथूनच येत होती. मग व्हॉल्व्ह काढून, वीज न देता फुंकायचा. हवा पार गेली तर तो उघडा अडकलाय, बदलायचा. हवा गेली नाही तर व्हॉल्व्ह चांगला आणि कॅनिस्टर भिजलेला. नळी प्लॅस्टिकची असेल तर दाबू नका, तडकते. वॉरंटीत हे काम त्यांच्याकडूनच करून घ्या.

जॉब कार्डवर "वास येतो" एवढंच लिहू देऊ नका. त्यावर "चेक केले, ओके" असा शेरा मारून गाडी परत येते. असं लिहून घ्या: "गरम इंजिन, आयडलला लाँग टर्म ट्रिम उणे १४, २,५०० आरपीएमला उणे ३, सायलेन्सरला गंधकाचा वास, पर्ज व्हॉल्व्ह आणि कॅनिस्टर तपासावा." सोबत स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो जोडा. चार गॅस मोजणाऱ्या पीयूसी मशीनवर लॅम्ब्डाचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ म्हणजे अचूक) प्रिंटही काढा. हाय आयडलला तो १ च्या आजूबाजूला, ०.०३ च्या आत हवा. तुमचा बरोबर आला तरी गोंधळू नका, तुमची गडबड आयडलची आहे. त्या प्रिंटमुळे कॅटकॉन विकायला निघालेल्यांना उत्तर देता येईल.

जाण्याआधी घरी एक करा. टाकी पाव होईपर्यंत भरू नका, नंतर पहिल्या कटला थांबा, आणि पुढच्या दोन टाक्या दुसऱ्या पंपावर भरा. कॅनिस्टर थोडाच भिजला असेल तर हायवेवर चालवून तो सुकतो आणि आयडलचा आकडा हळूहळू उणे पाचच्या आत येतो. नाही आला तर कार्ड उघडा. साठलेलं गंधक निघून जाईपर्यंत घाटात एखाद-दोनदा वास येईल, तेवढा येऊ द्या.