आधी निखारा, मग होकार
काही जण म्हणतात की, देवाच्या पावित्र्यापुढे माणूस नुसता घाबरतो, सेवेची ओढ त्यातून कशी येणार? बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ६ वा अध्याय बघा. यहूदाचा उज्जीया राजा मेला, त्या वर्षी यशयाला झालेला देवाचा हा दृष्टान्त. हाच राजा पूर्वी गर्वाने मंदिरात धूप जाळायला घुसला आणि कपाळावर कोड घेऊन बाहेर पडला. यशयाला मात्र आधी आठवले ते स्वतःचे अशुद्ध ओठ. सराफीम, म्हणजे देवापुढचे पंख असलेले स्वर्गीय सेवक, तेसुद्धा दोन पंखांनी तोंड झाकतात, तिथे याची काय कथा! मग चिमट्याने उचललेला वेदीवरचा निखारा थेट ओठांना, ते शुद्ध करायला. 'कोणाला पाठवू?' या देवाच्या प्रश्नाला 'मला पाठव' हे उत्तर त्यानंतरचं, आणि तेही काम कोणतं हे न विचारता. काम निघालं असलं की लोक ऐकतील, पण समजणार नाहीत. तरी त्याने माघार घेतली नाही, 'कुठवर?' एवढंच विचारलं.