गोळीचा दर नक्की ठरवतंय कोण? बाबांच्या औषधाचं बिल बघून पडलेला प्रश्न

शिवाजीपेठेतला:

नमस्कार मंडळी, जरा लांबडं आहे पण कुणीतरी नीट समजावून सांगा. बाबा ६८ वर्षांचे, शुगर चौदा वर्षं, बीपी, आणि दिवाळीनंतर अँजिओप्लास्टी झाली. ती महात्मा फुले योजनेत झाली, एक रुपया लागला नाही, त्याबद्दल मी कुणालाही नावं ठेवणार नाही. पण घरी आल्यापासनं महिन्याचं औषधाचं बिल चार हजाराच्या घरात जातंय आणि ते सगळं खिशातनं. परवा रात्री जेवणं झाल्यावर सगळी पाकिटं टेबलावर मांडली आणि आईच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून काढलं, नाव काय, आत औषध काय, एका गोळीला किती. तेव्हा डोकं गरगरलं.

टेल्मिसार्टन ४० ची गोळी, आमच्या दोन दुकानांत दोन कंपन्यांची, दरात जवळजवळ दुपटीचा फरक, आत औषध तेच. शुगरची मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी आहे ती दरवर्षी थोडी थोडी चढतीच आहे, जुनी बिलं आईनं जपून ठेवलीत त्यावरनं दिसतंय. आणि उलटं म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन, जी आधी साठ रुपयाच्या आसपास एक गोळी पडायची ती आता दुसऱ्या कंपनीची दहाच्या आतबाहेर मिळाली. साठचं दहा होतं म्हणजे आधीचे पन्नास कशाचे होते?

मला एवढंच कळत नाही की सरकार दर ठरवतंय म्हणतात तर मग हे असं कसं. आणि ऑपरेशनला लाखभर द्यायला तयार असणारी योजना नंतरच्या गोळ्या का देत नाही, गोळ्या चुकल्या तर त्या स्टेंटचा उपयोग काय?

लक्ष्मीपुरी_केमिस्ट:

दादा, आधी बाबांना नमस्कार सांगा. मी २२ वर्षं काउंटरवर आहे, हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच, पण गर्दीत सांगायला वेळ नसतो म्हणून इथं नीट लिहितो.

सरकार सगळ्या औषधांचे दर ठरवत नाही. अत्यावश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी असते, २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत, त्यांनाच कमाल दर लागतो. तो एनपीपीए ही केंद्र सरकारची औषध-दर ठरवणारी संस्था ठरवते, २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाखाली. आता तो कसा ठरतो ते बघा, इथंच सगळी मेख आहे. १९९५ च्या आदेशात उत्पादनाचा खर्च काढून त्यावर ठरावीक टक्के द्यायचे. २०१३ पासनं खर्च कुणी विचारत नाही, बाजारात ज्या ज्या ब्रँडचा वाटा १ टक्का किंवा जास्त आहे त्यांचा दुकानदाराला पडणारा दर घ्यायचा, सरळ सरासरी काढायची आणि वर दुकानदाराचे १६ टक्के घालायचे. समजा चार ब्रँड आहेत, १० रुपये, ८, ४ आणि २. सरासरी ६, वर १६ टक्के, म्हणजे ६ रुपये ९६ पैसे कमाल दर, टॅक्स वेगळा. दहावाला खाली आला हे चांगलंच झालं, पण दोनवाला दोनलाच राहतो, त्याला वर चढता येत नाही, म्हणून एकाच औषधाच्या दोन पाकिटांत दुप्पट-तिप्पट फरक राहतो. तुमच्या टेल्मिसार्टनचं हेच आहे, ती यादीत आहे, दोन्ही पाकिटं कायदेशीर आहेत, एक छताला टेकलंय आणि दुसरं खाली आहे एवढंच. यादीतल्या औषधांचे दर प्रत्येक एप्रिलला घाऊक महागाई निर्देशांकाप्रमाणं बदलतात, २०२३ ला एकदम १२.१२ टक्के वाढले होते आणि २०२४ ला जवळजवळ शून्य.

तुमची शुगरची एकत्र गोळी यादीत नाही. मेटफॉर्मिन सुटी आहे, ग्लिमेपिराइड सुटी आहे, पण दोन्ही एकत्र केल्या की ते यादीबाहेरचं औषध झालं. यादीबाहेरच्याला नियम एवढाच की बारा महिन्यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही, आणि बऱ्याच कंपन्या ते दहाचे दहा घेतात. आईंच्या जुन्या बिलांत जे चढताना दिसतंय ते हेच. नवीन कॉम्बिनेशन काढलं तर त्याचा दर एनपीपीए ठरवते खरं, पण तो ज्या कंपनीनं अर्ज केला तिच्यापुरता. म्हणून आमच्या कपाटात सुट्या गोळ्यांपेक्षा दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या कितीतरी जास्त झाल्यात, मी दुकान घेतलं तेव्हा असं नव्हतं.

आणि अजून एक, हे सांगताना आमच्याच लोकांना राग येईल पण सांगतो. परवा जेनेरिकचा एक बॉक्स आला, छापील किंमत ११० आणि आमची खरेदी १८. हा मधला सगळा पैसा दुकानदाराचा. कुणी २० टक्के सूट देतो, कुणी ५०, गिऱ्हाइकाला वाटतं स्वस्त पडलं. कंपन्यांची स्पर्धा आहे, पण ती दुकानदाराला जास्त मार्जिन द्यायची आहे, पेशंटला स्वस्त द्यायची नाही. मी स्वतः खरेदीवर ठरावीक टक्के घालूनच विकतो, पण तसं करायची सक्ती कुणावर नाही. यादीतल्या औषधाचा दर बघायचा असेल तर एनपीपीएचं फार्मा सही दाम नावाचं ॲप आहे, त्यात टाकून बघा.

कळंब्याचा_विनू:

मग सरळ सगळ्याच औषधांना एकच दर लावून टाका की, कंपनी कुठलीही असू दे. कशाला यादी आणि यादीबाहेरचं.

लक्ष्मीपुरी_केमिस्ट:

विनू भावा, वाटतं सोपं पण दर फार खाली दाबला की माल गायब होतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. बेंझॅथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, ज्या पोरांच्या हृदयाच्या झडपांना संधिवाताच्या तापानं धक्का बसलाय त्यांना हे वर्षानुवर्षं लागतं. एकेक बाई गारगोटीकडनं एसटीनं यायची आणि मी नाही म्हणून परत पाठवायचो, दुसऱ्या चार दुकानांत फोन लावून बघायचो, कुठंच नाही. इतकं स्वस्त औषध की बनवणाऱ्याला परवडत नव्हतं. एकेकाळी आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन व्हायचं, मग चीनचा स्वस्त कच्चा माल आला आणि ९० च्या दशकापासनं इथली उत्पादनं बंद पडत गेली, त्यानंतर तिकडं दर चढला की इथलं गणित कोलमडायचं. शेवटी ऑक्टोबर २०२४ ला एनपीपीएनं आठ औषधांचे कमाल दर ५० टक्के वाढवून दिले त्यात याच कुळातलं बेंझिल पेनिसिलिन पण होतं. २०१९ च्या डिसेंबरला पण असंच केलं होतं, त्यात बीसीजीची लस होती. महाग औषध घेता येत नाही आणि स्वस्त औषध मिळत नाही, दोन्हीत पोरगंच अडकतं.

जुना_एमआर:

केमिस्ट काकांनी काउंटरच्या बाजूनं सांगितलं, मी बॅगेच्या बाजूनं सांगतो, १६ वर्षं एमआर म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, कोल्हापूर-सांगली-निपाणी हेडक्वार्टर, आता सोडलं.

साठचे दहा कसे झाले ते आधी. १९७० च्या पेटंट कायद्यात आपल्याकडं औषधाला पेटंट नव्हतं, ते बनवायच्या पद्धतीला होतं, म्हणून आपल्या कंपन्या दुसऱ्या पद्धतीनं तेच औषध करायच्या आणि त्यातनंच हा सगळा धंदा उभा राहिला. २००५ पासनं जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळं औषधालाच पेटंट आलं. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट ११ मार्च २०२५ ला संपलं आणि काही दिवसांत डझनावारी कंपन्या उतरल्या, दर कोसळला. ते पन्नास रुपये म्हणजे एकट्यानं विकायच्या हक्काची किंमत. संशोधनाला पैसा लागतो हे मी मान्य करतो, पण त्या काळात पेशंटच्या बाजूनं भाव करणारं कुणीच नसतं हे पण खरं. एकदाच मोठं उदाहरण झालं, २०१२ ला सोराफेनिब, यकृत आणि किडनीच्या कॅन्सरचं औषध, महिन्याला २ लाख ८० हजार पडायचं, सरकारनं नॅटको या आपल्याकडच्या कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या मर्जीशिवाय औषध बनवायची परवानगी, दिला आणि त्यांनी ८,८०० ला काढलं. त्यानंतर तसा परवाना दुसऱ्या औषधाला दिलेला माझ्या तरी बघण्यात नाही.

आता पेटंट संपल्यावर सुद्धा महाग ब्रँड का खपतो. कारण औषध निवडतो डॉक्टर, पैसे देतो पेशंट, आणि केमिस्टला एच शेड्यूलच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधात चिठ्ठीवरचा ब्रँड बदलून द्यायचा अधिकारच नाही. मी पंचवीस किलोमीटर गाडी मारून एका डॉक्टरांच्या दारात दोन तास बसायचो ते दर सांगायला नाही, दराबद्दल तिथं बोलणंच निघायचं नाही हो. नाव लक्षात राहावं, महिन्याला इतक्या चिठ्ठ्या याव्यात, बास. त्याच्यासाठी काय काय दिलं जायचं ते सगळ्यांना माहीत आहे. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ ला सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च कंपनीला टॅक्समधनं वजा करता येणार नाही, मार्च २०२४ ला मार्केटिंगची नवी आचारसंहिता आली. जेनेरिक नावानंच लिहा असा नियम २०२३ च्या ऑगस्टमध्ये निघाला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की आधी प्रत्येक जेनेरिकच्या दर्जाची खात्री द्या, आणि मला ते म्हणणं उडवून लावता येत नाही, कारण दर्जा तपासायची यंत्रणा प्रत्येक राज्यात सारखी नाही. पण दोन्ही कामं एकदम करता आली असती.

गडहिंग्लजची_लेक:

दादा, मी फार्मासिस्ट आहे, मूळची गडहिंग्लजची, सध्या लेस्टरला एका दुकानात काम करते. तुमचा दुसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

इथं काउंटरवर माणूस येतो तेव्हा औषधाची किंमत त्याला माहीतच नसते. इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पाउंड ठरलेले, मग आतली गोळी एक पाउंडाची असो नाहीतर हजाराची, आणि शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याला तर तेही माफ, म्हणजे तुमच्या बाबांना इथं सगळं फुकट पडलं असतं. मग पैसे कोण देतं, तर एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. आणि पैसे एकच जण देतोय म्हटल्यावर तो भाव करतो. नवीन औषध आलं की नाइस नावाची संस्था बघते की या पैशात माणसाला चांगल्या तब्येतीचं किती आयुष्य मिळतं, अशा एका वर्षाला साधारण २० ते ३० हजार पाउंड ही त्यांची मर्यादा बरीच वर्षं होती, त्याच्या वर गेलं की कंपनीला गुपचूप सूट द्यावी लागते नाहीतर औषध एनएचएसमध्ये येत नाही. जेनेरिकला वेगळं, डॉक्टर बहुतेक वेळा औषधाचंच नाव लिहितात, आम्हाला सरकार ठरलेला दर देतं, आम्ही त्याच्यापेक्षा स्वस्त घेतलं तर फरक दुकानाचा. सरकार तो फरक मोजतं आणि पुढच्या तिमाहीत दर खाली आणतं. म्हणजे काकांच्या त्या ११० आणि १८ मधला पैसा इथं पण आहे, फक्त त्याच्यावर कुणाचीतरी नजर आहे आणि तो परत काढून घेतला जातो. सगळं छान आहे असं नाही हं, दर फार ओढला की इथं पण माल संपतो, मी आठवड्यातनं चारदा लोकांना नाही म्हणते आणि तेव्हा मला गारगोटीच्या त्या बाईसारखेच चेहरे दिसतात.

आपल्याकडं सरकार दराला छत घालतं पण गोळ्या विकत घेत नाही, माझ्या मते फरक इथं आहे. महात्मा फुले असो की आयुष्मान भारत, दोन्ही ॲडमिट झाल्यावरचा खर्च देतात, डिस्चार्जनंतर थोडे दिवस औषध आणि मग तुमचं तुम्ही. छत घातल्यावर भाव कसा खाली येतो ते तुमच्या बाबांच्या स्टेंटमध्येच बघा, फेब्रुवारी २०१७ ला औषधी लेपाच्या स्टेंटवर २९,६०० ची मर्यादा आली, त्याआधी लाखाच्या वर जात होता. आणि गोळ्यांचं काय करता येतं ते तामिळनाडूनं १९९४-९५ पासनं दाखवलंय, त्यांचं महामंडळ सगळ्या सरकारी दवाखान्यांसाठी जेनेरिक नावानं एकत्र टेंडर काढतं, माल लॅबमध्ये तपासल्याशिवाय वाटत नाही, प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं आणि त्यातनं तो औषध उचलतो. एवढी मोठी खरेदी एका हातात आली की कंपनी आपणहून खाली येते. देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातला वाटा २०१४-१५ ला ६२.६ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९.४ झाला, उतरलाय हे चांगलंच, पण उरलेल्यात महिन्याच्या गोळ्यांचा भार केवढा आहे हे आईंच्या वहीला विचारा.

वस्त्रनगरी:

इचलकरंजीतनं. मला ईएसआय म्हणजे कामगार विमा आहे, घरच्यांची रोजची औषधं त्यातनंच मिळतात, त्यामुळं ताई म्हणत्यात ते पटतं. पण पगार २१ हजाराच्या वर गेला की ते बंद. पुढच्या वर्षी माझा जाणार आहे. पगार वाढणार म्हणून आनंद करायचा की आईच्या दम्याच्या औषधाचा हिशोब करायचा, ह्या विचारात आहे.

जुना_एमआर:

शिवाजीपेठवाले दादा, तोपर्यंत करता येण्यासारखं सांगतो. स्वतःहून एकही गोळी बदलू नका, रक्त पातळ ठेवायची तर मुळीच नाही. वही घेऊन डॉक्टरांकडं जा आणि सरळ विचारा की यातलं काय सुट्या स्वरूपात किंवा जेनेरिक नावानं लिहून मिळेल. जनऔषधी म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिकच्या दुकानांत दर हा पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या जास्तीत जास्त निम्मा ठेवतात, माल एनएबीएल मान्यतेच्या लॅबमध्ये तपासून येतो, देशात १५ हजारांवर दुकानं झालीत. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पण मिळतात, आधी स्टॉकची चौकशी करून जा.

शिवाजीपेठेतला:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वही घेऊन डॉक्टरांकडं गेलो. मला भीती होती की राग येईल, पण त्यांनी चष्मा लावून पान पूर्ण वाचलं आणि म्हणाले इतकं बिल होतंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शुगरची एकत्र गोळी सोडवून दोन सुट्या दिल्या, टेल्मिसार्टन औषधाच्या नावानं लिहिली, स्टेंटनंतरची गोळी मात्र आहे तीच ठेवा म्हणाले, वर्ष होईपर्यंत. जनऔषधीत तीन मिळाल्या, एक शिल्लक नव्हती, शुक्रवारी या म्हणाले. हिशोब २,३५० वर आलाय.

बाबा गोळ्या हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते, रंग वेगळा आहे म्हणून. आईनं जुन्या पाकिटावरचं बारीक अक्षर आणि नव्या पाकिटावरचं बारीक अक्षर शेजारी शेजारी धरून त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा घेतल्या. महिनाभर सकाळची शुगर लिहून ठेवतोय, नंतर इथं टाकतो. वस्त्रनगरी दादा, तुमच्या आईंच्या औषधांची नावं मला कळवा, शुक्रवारी जाणारच आहे तर दर विचारून येतो.